नव्वद दिवसांचं विरजण

मेरू कंपनीच्या नागपुरातल्या इमारतीत सातव्या मजल्यावर एक खोली होती, तिला अचूकता कक्ष म्हणत. खोलीत बघण्यासारखं एकच होतं, समोरच्या भिंतीवरचे दोन मोठे आकडे. डावा मेरूचा, उजवा साकवचा. देशातले बहुतेक फोन या दोनपैकी एका प्रणालीवर चालत, आणि कोणती प्रणाली आपल्या माणसाला जास्त ओळखते ते या आकड्यांवरून ठरे. त्या शुक्रवारी सकाळी मेरूचा आकडा शंभरात अठ्ठ्याण्णव होता आणि साकवचा त्र्याऐंशी. कंपनीत आलेला प्रत्येक पाहुणा या भिंतीपुढे उभा राहून हौसेने फोटो काढून घेई.

शलाका देवतळेने तिथे कधी फोटो काढला नव्हता. खरं तर तो अठ्ठ्याण्णव तिचाच होता. मेरूवरचं सगळ्यांत गाजलेलं उपयोजन तिने लिहिलं होतं. अ‍ॅप म्हणायला तिची काही हरकत नव्हती, पण मेरूच्या दफ्तरात उपयोजनच लिहावं लागे आणि सात वर्षांत तिच्या जिभेलाही तेच वळण पडलं. त्याचं नाव चाहूल. माणूस पुढच्या क्षणी काय करणार याचा ते अंदाज बांधे आणि त्याच्या आधी तयारीला लागे. चहाची तल्लफ यायच्या आत घरातली किटली तापू लागे, निघावंसं वाटायच्या आत बिनचालकाची रिक्षा दारात येऊन उभी राही. चार कोटी लोकांच्या खिशात चाहूल होतं, आणि त्यातल्या एकाच्याही घरी शलाका कधी चहाला गेली नव्हती.

जाणार कुणाकडे? वय सत्तेचाळीस, राहायला कंपनीच्या आवारातल्याच दोन खोल्या, आणि या धंद्यातली जी जिवाभावाची माणसं होती ती सगळी साकवकडे गेलेली. दोन्ही कंपन्यांचा एकमेकींवर काडीचाही विश्वास नव्हता. उपयोजन लिहिणाऱ्या प्रत्येकाकडून त्या एका कागदावर सही घेत. कागदाचं नाव लांबलचक होतं, लिहिणारे त्याला अबोला करार म्हणत. समोरच्या कंपनीच्या लेखकाशी सात वर्षं बोलायचं नाही, लिहायचं नाही, कुणाकरवी निरोप धाडायचा नाही. मोडला तर दोघांचेही परवाने रद्द. नवराबायकोचा अबोला संध्याकाळच्या वरणभातापर्यंत टिकत नाही. हा वकिलांनी मांडलेला अबोला होता, तो कसला विरघळतोय!

शलाकाचा करार उद्या, शनिवारी संपत होता. सात वर्षं ती या एका तारखेकडे डोळे लावून बसली होती, आणि त्याला कारण प्रबोध मेश्राम.

प्रबोध आणि ती, दोघांनी मिळून धरमपेठेत एका इस्त्रीच्या दुकानावरच्या खोलीत पहिलं अंदाजयंत्र बांधलं होतं. चार वर्षं एकाच टेबलावर काम, एकाच डब्यातलं जेवण. रविवारी अकरा वाजता कोपऱ्यावरच्या गाडीवर तर्रीपोहे, आणि ते खाताना कडाडून भांडण. मग दोन्ही कंपन्यांची बोलावणी आली. मेरू म्हणे आमच्याकडेच, साकव म्हणे आमच्याकडेच. साकव स्वस्तातल्या फोनवरही चालते म्हणून प्रबोधने तिकडे सही केली. मेरूची यंत्रं ताकदीची म्हणून शलाकाने त्याच दिवशी इकडे केली. दोघांनाही वाटलं, समोरचा शेवटच्या घटकेला आपल्या बाजूला येईल. दोघंही हट्टी, कुणीच आलं नाही. निघताना प्रबोध एवढंच म्हणाला होता, "करार संपला की पहिल्या रविवारी अकरा वाजता गाडीवर ये. मी पोहे सांगून ठेवतो." त्याच्यावर आपला जीव आहे हे शलाकाला त्यानंतर आठवड्याभराने कळलं. तेव्हा ते सांगायला बंदी होती.

परवाचा रविवार तो रविवार होता. आणि नेमक्या त्याच आठवड्यात बाहेरच्या परीक्षक तपासणीला आल्या आणि त्यांनी शलाकाला अचूकता कक्षात बोलावून घेतलं.

डॉ. कुमुदिनी घटाटे सत्तरीच्या होत्या, संख्याशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापक. त्या अजून पेन्सिलीने कागदावर गणित करत. दोन्ही कंपन्यांचे आकडे तपासायचं काम त्यांच्याकडे नव्यानेच आलं होतं.

"बस," त्या म्हणाल्या. "तुझ्या चाहूलला अठ्ठ्याण्णव कसे पडतात?"

"चांगलं लिहिलंय म्हणून," शलाका हसत म्हणाली.

"चाळीस वर्षं पेपर तपासले मी. अख्ख्या वर्गाला अठ्ठ्याण्णव पडले की मी आधी पेपर फुटला का ते बघते. अगं, माणसाचं पुढचं त्याचं त्यालाच माहीत नसतं. त्याचा अंदाज पंच्याऐंशीच्या वर जाणं मला पटत नाही. साकवच्या 'ओळख'चे त्र्याऐंशी पटतात. कोण लिहितं ते?"

"प्रबोध मेश्राम." सात वर्षांनी तिने ते नाव तोंडाने उच्चारलं. परीक्षकाशी बोलायला बंदी नव्हती.

"त्याचं काम स्वच्छ आहे. बिचाऱ्याला दरवर्षी तुझ्यापेक्षा कमी पडतात म्हणून त्याची कंपनी त्याला धारेवर धरते, असं ऐकलं." घटाटे मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली. "मला सांग, अंदाज खरा व्हायचे रस्ते किती?"

"एकच. यंत्राने माणसाला नीट शिकून घ्यायचं."

"दोन. आमच्या अमरावतीला गल्लीत एक वाणी होता. गिऱ्हाईक काय घेणार ते त्याच्या तोंडून निघायच्या आधी सांगायचा. कधी चुकला नाही. लोक म्हणायचे, देवमाणूस. अगं कसला देवमाणूस! दुकानात तो तेवढंच ठेवायचा."

शलाकाला समजायला वेळ लागला नाही, पण ते मानायला लागला. "म्हणजे चाहूल माणसाला शिकत नाही. माणूसच चाहूलच्या अंदाजासारखा होत जातो?"

"तू त्याला काम एकच दिलंस, की बरोबर ये. कसं बरोबर यायचं ते सांगितलं नाहीस. अंदाज चुकला तर स्वतःला बदलायचं, यात यंत्राला फार गणित करावं लागतं. त्यापेक्षा जे सांगितलं तेच माणसाला सोपं करून द्यायचं, हे स्वस्त. रिक्षा दारात आणून उभी केली की दहातले आठ बसतात. पुढच्या वेळी नऊ. वर्षाने माणूस रिक्षा यायच्या आधीच चपला घालून उभा. फसवलं कुणीच नाही कुणाला. उतार मिळाला, पाणी तिकडे गेलं."

"तरी प्रत्येकाचा उतार वेगळा असेल ना?"

"तिथेच तर माझं घोडं अडलंय. मी चार कोटी लोकांतला फरक मोजला. सात वर्षांपूर्वी जेवढा होता त्याचा विसावा हिस्साही राहिला नाही. साकवची माणसं अजून अठरापगड आहेत, मेरूची एका साच्यातली. म्हणून विचारते, नवा माणूस आला, त्याची काडीची माहिती नाही, तेव्हा पहिल्या दिवशी चाहूल सुरुवात कशावरून करतं?"

"विरजणावरून," शलाका म्हणाली.

हा शब्द तिचाच होता. रिकाम्या यंत्राला अंदाज बांधता येत नाही. दुधात चमचाभर दही घालावं तशी सवयींची एक लहानशी नोंद प्रत्येक नव्या फोनमध्ये आधी घालावी लागते. यंत्र त्यावर पहिले अंदाज बांधतं आणि मग माणूस बघून सुधारत जातं, अशी कल्पना. विरजण चांगलं हवं म्हणून पाच हजार स्वयंसेवकांच्या नोंदींची सरासरी काढायचं ठरलं होतं.

"कुणाचं विरजण?" घटाटे मॅडमनी विचारलं.

पाच हजारांचं, असं उत्तर शलाकाच्या ओठांवर आलं आणि तिथेच थिजलं.

सात वर्षांपूर्वी मेरू आणि साकव दोघींनी एकाच महिन्यात बाजारात उतरायचं जाहीर केलं होतं. स्वयंसेवकांच्या परवानग्या कुठल्याशा कचेरीत अडकल्या. वरून रोज विचारणा, झालं का, झालं का. शेवटी शलाकाने स्वतःच्या फोनवरची नव्वद दिवसांची नोंद उचलून विरजणाच्या जागी घातली आणि शेजारी ओळ लिहिली, 'तात्पुरतं. नंतर बदलणे.' उपयोजन लिहिणारा प्रत्येक जण आयुष्यात कधी ना कधी ही ओळ लिहितो, आणि त्या धंद्यात तात्पुरत्याइतकं टिकाऊ दुसरं काही नाही. चाहूल वेळेवर बाजारात आलं. प्रबोधने परवानग्यांची वाट बघितली, पाच हजार नोंदी घेतल्या आणि दोन महिने उशिरा आला. साकवच्या वरिष्ठांनी त्याला वरातीमागून घोडं म्हणून हिणवलं, ते वर्तमानपत्रांतही छापून आलं. इकडे मेरूत पेढे वाटले गेले, आणि पेढ्यांच्या गडबडीत 'नंतर' राहून गेलं ते राहूनच गेलं.

घटाटे मॅडम कागदावरून वाचत होत्या. "ही बघ तुझी चार कोटी माणसं. रात्रीचं जेवण आठ चाळीसला, ओट्याशी उभं राहून, बहुतेकदा खिचडी. फोन टेबलावर पालथा. एखाद्याला निरोप लिहितात आणि पुसतात, सरासरी तीन वेळा, मग पाठवत नाहीत. लग्नाला जातात, पंगत झाली की कुणाला न सांगता सटकतात. आणि रविवारी सकाळी कुणाला तरी भेटायला निघतात, अर्ध्या वाटेवरच्या एखाद्या वळणावर थांबतात, तिथून परत. ज्याला भेटायला निघाले तोही बहुधा चाहूलवालाच. तोही त्याच्या बाजूच्या वळणावरून परत गेलेला असतो."

शलाकाला आपली रोजनिशी कुणी चारचौघांत वाचावी तसं झालं. हे सगळं तिने बाहेर पाहिलं होतं. खानावळींतली बाकं जाऊन भिंतीकडे तोंड केलेल्या एकेकट्या खुर्च्या आल्या होत्या. मंगल कार्यालयांत दुपारी दोनला शुकशुकाट असे. जमानाच असा आला, असं सगळे म्हणत, तीही म्हणे. इतकंच काय, तिला त्यात थोडा दिलासाही वाटे. आपण एकट्याच एकट्या नाही, असं वाटे.

"हे माणूस मला माहीत आहे," ती म्हणाली. "मीच आहे ती. सात वर्षांपूर्वीची. करारावर सही केल्यानंतरचे नव्वद दिवस."

घटाटे मॅडमनी चष्मा काढला. "आता तशी राहिली नाहीस?"

"माझ्या फोनवर निर्मात्याची प्रत असते. ती नुसती मोजते, पुढ्यात काही आणून ठेवत नाही. मी हळूहळू बरी झाले. निदान खाली बसून जेवते." आपण हे हसत सांगतोय हे तिच्या लक्षात आलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. तिचं दुःख तिच्याकडून उठून चार कोटी लोकांच्या घरी राहायला गेलं होतं, आणि तिला पत्ताही नव्हता. "मी आजच विरजण बदलते."

"बदल. नव्यांचं भलं होईल. पण लागलेल्या दह्याचं परत दूध होत नाही, शलाका. या लोकांची आता ती स्वतःची सवय आहे. फोन काढून घेतलास तरी ते ओट्याशीच जेवतील. मी सोमवारी अहवाल देणार, दोन्ही कंपन्यांना आणि सरकारलाही."

"द्या. माझं नाव घालून द्या."

"ते तर घालावंच लागेल." मग त्यांचा आवाज जरा मऊ झाला. "एक नोंद दाखवते. नाव मला दिसत नाही, तुलाही दिसायचं नाही. क्रमांक चार. विरजणाशी इतकं तंतोतंत जुळणारं चार कोटींत दुसरं कुणी नाही. नागपूरचाच माणूस आहे. दर रविवारी दहा चाळीसला घरून निघतो, धरमपेठेत इस्त्रीच्या दुकानाच्या वळणावर येतो, चार मिनिटं थांबतो आणि परत जातो. सात वर्षं, उन्हापावसात. ताकाला जाऊन भांडं लपवणारा माणूस! मला आधी वाटलं, तूच असशील."

"मी क्रमांक एक. दोन आणि तीन माझे चाचणीचे फोन." शलाकाने नोंदीची पहिली ओळ बघितली. ज्या दिवशी चाहूल बाजारात आलं त्या दिवशी सकाळी नऊला ते खुलं झालं होतं. क्रमांक चारने ते नऊ वाजून दोन मिनिटांनी घेतलं होतं. त्या सकाळी चाहूलचं नाव जगात कुणाला ठाऊक नव्हतं. तिच्या उपयोजनाची वाट बघत फोन हातात धरून बसणारा एकच माणूस होता, आणि त्याने त्यासाठी समोरच्या कंपनीचा फोन विकत घेतला असणार.

तिने नोंदीचा कागद घटाटे मॅडमना परत दिला. खाली येऊन ती आवारातल्या बाकावर बसली आणि पोटभर रडली.

त्या नव्वद दिवसांतले तेरा रविवार तिला एकेक करून आठवत होते. करारात बोलायला बंदी होती, बघायला नव्हती. म्हणून ती घरून निघे आणि इस्त्रीच्या दुकानाच्या वळणावर येऊन थांबे. तिथून पोह्यांची गाडी दिसे आणि गाडीशेजारी पाठमोरा बसलेला प्रबोध दिसे. चार मिनिटं बघून ती परत फिरे. चौदाव्या रविवारी ती कंपनीच्या आवारात राहायला आली आणि ते थांबलं. पण तोवर नोंद झालेली होती. ती नोंद फिरून त्याच्याच खिशात गेली आणि त्याला दर रविवारी त्याच वळणावर आणू लागली, जिथे आता शलाका नव्हती आणि गाडीजवळ तो स्वतःही नव्हता.

तिला आता परवाचा रविवार लख्ख दिसला. प्रबोध दिलेला शब्द विसरणारा नव्हता. तो नक्की निघेल, मनापासून निघेल. पोह्यांच्या गाडीपर्यंत मात्र येणार नाही. वळणावर थांबेल, गाडीपाशी ती दिसली तर पाठमोरी दिसेल, आणि तो परत जाईल. मग आज धीर झाला नाही, पुढच्या रविवारी बघू, असं म्हणेल. पुढच्या रविवारीही तेच म्हणेल. हे तिला कुठल्याही यंत्राशिवाय सांगता येत होतं, कारण ती स्वतः तेरा वेळा तसंच म्हणाली होती. निरोप पाठवावा तर त्याच्या त्या फोनचा क्रमांक तिच्याकडे नव्हता, आणि मेरूवरून साकवला निरोप जात नसे. गेला असता तरी त्याने तीनदा उत्तर लिहून तीनदा पुसलं असतं.

तेव्हा गाडीवर जाण्यात अर्थ नव्हता. जायचं तर वळणावर.

शनिवारी दुपारी तिने विरजण बदललं. बदलताना ती ओळ पुन्हा दिसली, 'तात्पुरतं. नंतर बदलणे.' तिने ती पुसली आणि खाली सही करून तारीख घातली. संध्याकाळी कंपनीच्या वकिलाचा निरोप आला की आपला अबोला करार आज पूर्ण झाला, सहकार्याबद्दल आभार. सात वर्षांची माती करून आभार मानायला मात्र विसरले नव्हते.

रविवारी साडेदहालाच ती धरमपेठेत पोहोचली. इस्त्रीचं दुकान अजून होतं. वरच्या त्यांच्या खोलीत आता कुणीतरी शिकवण्या घेत असे. कोपऱ्यावरची पोह्यांची गाडीही होती, फक्त बाकं नव्हती. लोक प्लेट घेऊन एकेकटे भिंतीकडे तोंड करून खात होते. ती दुकानाच्या पायरीवर, कपड्यांच्या गठ्ठ्यांच्या आड उभी राहिली. वळणावर एक गोष्ट नवी होती. तिथे बिनचालकाच्या रिक्षांची रांग लागलेली होती, महानगरपालिकेचा थांबा वगैरे काही नसताना. शलाकाला ती रांग कसली ते कळायला थोडा वेळ लागला. त्या परतीच्या रिक्षा होत्या.

आणि मग माणसं येऊ लागली. जांभळी साडी नेसलेली एक बाई हातात डबा घेऊन आली, वळणावर थांबली. एक निवृत्त दिसणारे गृहस्थ आले, कडक इस्त्रीचा सदरा, हातात चाफ्याची दोन फुलं. कॉलेजातली एक मुलगी आली. गावात इतरत्र प्रत्येकाचं वळण वेगळं असेल, पण या भागातल्यांना यंत्राने मुळातलंच वळण दिलं होतं. पंधरावीस माणसं एकाच कोपऱ्यावर हातभर अंतरावर उभी होती, आणि कुणी कुणाशी चकार शब्द बोलत नव्हतं. चार मिनिटं झाली की फोन थरथरे, माणूस वळे आणि रिक्षाकडे चालू लागे. त्याची जागा दुसरा घेई. शलाकाने आयुष्यात खूप एकटेपण पाहिलं होतं, पण असं रांगेतलं एकटेपण तिने पाहिलं नव्हतं, आणि ते सगळं तिच्या हातचं होतं.

अकराला पाच मिनिटं कमी असताना प्रबोध आला. केस सगळे पांढरे झाले होते, चालताना उजवा पाय किंचित ओढत होता. त्याने नवा सदरा घातला होता, कॉलरजवळ दुकानाची चिठ्ठी तशीच राहिलेली. तो वळणावर थांबला आणि गाडीकडे बघत राहिला. तिथे पाठमोरी उभी असलेली एखादी बाई तो शोधत असणार. एकदा त्याने पाऊल उचललंसुद्धा. मग ते जिथल्या तिथे ठेवलं. चार मिनिटं शलाका त्याला डोळे भरून बघत राहिली, आणि तिला भान आलं ते त्याचा फोन थरथरला तेव्हा. रांगेतली पहिली रिक्षा दार उघडून पुढे आली. प्रबोध वळला.

शलाकाने हाक मारायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही. सात वर्षांत तिने कुणाला नावाने मोठ्याने हाक मारली नव्हती. तो पाच पावलं गेला. हळू चालत होता. आणि तिला आठवलं, आपणही वळल्यावर दहा पावलं अशीच हळू टाकायचो, मागून हाक येते का ते ऐकत. तेरा रविवार कुणी हाक मारली नव्हती. यंत्राने तिची ती मंद पावलंही मोजून ठेवली होती.

"प्रबोध!" ती ओरडली. "अरे प्रबोध, थांब ना!"

रस्त्यावरची सगळीच माणसं थांबली.

जांभळ्या साडीची बाई थांबली, चाफा धरलेले गृहस्थ थांबले, रिक्षात एक पाय ठेवलेली मुलगी तशीच थांबली. सगळ्यांनी एकदम मागे वळून बघितलं. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर एकच भाव होता, आणि तो शलाकाला आतून ओळखीचा होता. हाक आली, असं त्या चेहऱ्यांवर लिहिलेलं होतं. ती माणसं वर्षानुवर्षं दर रविवारी दहा पावलं हळू चालत ज्याची वाट बघत होती ते अखेर घडलं होतं. मग त्यांनी तिला पाहिलं. ही आपली कुणी नव्हे, आणि आपलं नाव काही प्रबोध नाही, हे एकेकाच्या ध्यानात आलं. गृहस्थांनी फुलं खिशात घातली. एकामागून एक रिक्षांची दारं लागत गेली. शलाकाला त्या प्रत्येकाला धावत जाऊन थांबवावंसं वाटलं, पण तिला कुणाचंही नाव माहीत नव्हतं, आणि त्यांना तिची हाक नकोच होती.

एक जण मात्र जागचा हलला नाही.

ती पायऱ्या उतरून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. जवळून तो जास्तच थकलेला दिसत होता.

"पुन्हा म्हण," प्रबोध म्हणाला. "आत्ता काय म्हणाली ते."

"प्रबोध."

त्याने मान हलवली. म्हणाला, "तुझ्याशी बोलाले बंदी होती. तुझं चाहूल वापराले कुठं होती? म्हटलं, तेवढीच सोबत." तो कसनुसा हसला. "पण काय झालं कोण जाणे, शलाका. दर रविवारी निघून राहिलो आणि दर रविवारी इथूनच परत जाऊन राहिलो. आज तर सकाळपासून नक्की केलं होतं, की जायचंच."

"माहीत आहे मला. सांगते सगळं. तुझी काही चूक नाही त्यात, माझी आहे."

त्याच्या हातातला फोन पुन्हा थरथरला. सवयीने त्याने खाली बघितलं, आणि त्याच्या कपाळावर आठी पडली. त्याने फोन तिच्यापुढे धरला. एरवी तिथे पुढच्या गोष्टीची सगळी तयारी मांडलेली असे. आता कोऱ्या पडद्यावर एकच ओळ होती, 'पुढचा अंदाज नाही.' ही ओळ शलाकानेच लिहिली होती, नियम म्हणून लिहावी लागते म्हणून. ती कधी कुणाला दिसेल असं तिला वाटलं नव्हतं.

"हे काहून येऊन राहिलं?" प्रबोध म्हणाला. "सात वर्षांत एकदा नाही आलं."

"बरोबर आहे ते," शलाका म्हणाली. "याच्या पुढचं मलाही माहीत नव्हतं."